जॉर्ज रॉमनी: मोटार कंपनीतून मिशिगनच्या गव्हर्नरपदावर

अमेरिकेच्या २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार मिट रॉमनी यांनी प्राप्तिकराची विवरणपत्रे दोनच वर्षांची खुली केली, तेव्हा विरोधकांनी त्यांना त्यांच्याच वडिलांचा दाखला दिला. जॉर्ज रॉमनी यांनी १९६७ मध्ये तब्बल बारा वर्षांची विवरणपत्रे जाहीर केली होती. एका वर्षाचे कागद देखाव्यापुरतेही असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. हा फटकळ मोकळेपणा त्यांना धंद्यात फळला, राजकारणात काही काळ फळला आणि शेवटी नडला.

त्यांचा जन्म १९०७ चा, मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीत. १९१२ मध्ये तिथल्या क्रांतीच्या धामधुमीत कुटुंबाला घरदार सोडून अमेरिकेत पळावे लागले. पोरवयात प्लास्टरची कामे केली. कॉलेजची पदवी कधी पुरी झालीच नाही. वॉशिंग्टनमध्ये आधी एका सिनेटरच्या कचेरीत आणि मग अॅल्युमिनियम कंपनीच्या वतीने काम करून १९३९ मध्ये ते मोटार उत्पादकांच्या संघटनेसाठी मिशिगनमधल्या डेट्रॉइटला आले.

१९५४ मध्ये नॅश-केल्व्हिनेटर आणि हडसन या कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स उभी राहिली. त्याच वर्षी तिचे प्रमुख जॉर्ज मेसन वारले आणि सूत्रे रॉमनींकडे आली. कंपनी तोट्यात, समोर जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर. त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात लढण्यात अर्थ नव्हता. रॉमनींनी नॅश आणि हडसन ही जुनी नावे बंद करून सगळा भार रॅम्बलर या आटोपशीर गाडीवर टाकला आणि बड्या कंपन्यांच्या लांबलचक गाड्यांना ‘पेट्रोल ढोसणारे डायनासोर’ म्हणत देशभर भाषणे ठोकली. १९५८ च्या मंदीत इतरांचा खप घसरत असताना रॅम्बलरचा वाढला. पुढे १९६० मध्ये त्यांनी एक लाख डॉलरचा बोनस कंपनीला परत केला, तर १९६१ मध्ये कामगार संघटनेशी नफ्यातील वाट्याचा करार झाला. मालक मंडळींना हे फारसे रुचले नसणार.

राजकारणात शिरायला निमित्त मिळाले ते राज्याच्या रिकाम्या तिजोरीचे. १९५९ मध्ये मिशिगनला सरकारी नोकरांचे पगारही वेळेवर देता आले नाहीत. रॉमनींनी ‘सिटिझन्स फॉर मिशिगन’ हा पक्षनिरपेक्ष गट काढला, मिशिगनसाठी नव्या राज्यघटनेची (अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते) मागणी लावून धरली आणि घटना परिषदेचे ते एक उपाध्यक्ष झाले. अमेरिकेत गव्हर्नर थेट लोकांकडून निवडला जातो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. १९६२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार म्हणून त्यांनी गव्हर्नर जॉन स्वेन्सन यांना सुमारे ८० हजार मतांनी हरवले. डेमोक्रॅटिक पक्षाची चौदा वर्षांची सत्ता संपली. उमेदवारीचा निर्णय जाहीर करण्याआधी त्यांनी चोवीस तास उपवास आणि प्रार्थना केली होती. टीकाकारांना यात टिंगलीचा विषय सापडला.

१९६३ मध्ये मतदारांनी नवी राज्यघटना मंजूर केली. १९६७ मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा राज्याचा प्राप्तिकर लागू झाला. करवाढीला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या गव्हर्नरने, तोही उद्योगपतीने, नवा कर आणावा हे आज विचित्र वाटेल. पण हिशेब जमत नसेल तर उत्पन्न वाढवावे लागते हे त्यांना कारखान्यातच कळले होते. नागरी हक्कांसाठी ते स्वतः मोर्चात चालले आणि १९६४ मध्ये स्वपक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना त्यांनी पाठिंबा दिला नाही. जुलै १९६७ मध्ये वांशिक दंगलीत डेट्रॉइट पेटले. ४३ जण मेले.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला टीव्हीवरील मुलाखतीत ते म्हणाले, की व्हिएतनामच्या दौऱ्यात सेनापती आणि राजनैतिक अधिकाऱ्यांनी आपले ‘ब्रेनवॉश’ केले. युद्धाबद्दल फसवणूक होत होती हे पुढे देशालाही पटले. पण अध्यक्ष होऊ पाहणाऱ्याने आपण सहज फसलो असे सांगणे मतदारांच्या पचनी पडले नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, न्यू हॅम्पशायर राज्यातील प्राथमिक निवडणुकीआधीच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, त्यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली.

अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९६९ मध्ये त्यांना गृहनिर्माण खाते दिले. गोऱ्या उपनगरांत कृष्णवर्णीयांनाही घरे मिळावीत म्हणून रॉमनींनी केंद्राच्या निधीचा दबाव वापरला. सर्वांत कडवा विरोध त्यांच्या स्वतःच्या राज्यातून झाला: डेट्रॉइटला लागून असलेल्या, मोटार कामगारांच्या वॉरन शहरातून. निक्सन यांनी हात आखडता घेतला आणि १९७३ च्या आरंभी रॉमनी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. नंतरची वर्षे त्यांनी स्वयंसेवी कामात घालवली. १९९५ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, मिशिगनमधल्या आपल्या घरी ट्रेडमिलवर व्यायाम करताना त्यांना मृत्यूने गाठले.