स्वाइप नेमका हुकतो कुठे?

टॅबलेटवर पान उलटलं नाही की पुढच्या वेळी आपण बोट आणखी दाबून ओढतो. पण साध्या टॅबलेटची स्क्रीन बोटाचा स्पर्श दाबावरून ओळखतच नाही. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकाची आडवी-उभी जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि त्यावरून जागा कळते. दाबल्याने घर्षण मात्र वाढतं आणि बोट अडखळतं. ‘टच कॅलिब्रेट’ करून देतो म्हणणाऱ्या ॲप्सच्याही नादी लागू नका. टच कंट्रोलरच्या, म्हणजे स्पर्श मोजणाऱ्या चिपच्या, आतल्या प्रोग्रामला साधं ॲप हातच लावू शकत नाही.

चार्जिंग चालू असतानाच त्रास होत असेल तर चार्जर बदलून पाहा. निकृष्ट चार्जरचा विद्युत गोंगाट बोट टेकल्यावर मोजणीत मिसळतो.

पण काच निर्दोष असूनही स्वाइप हुकतो, आणि तो कसा हुकतो हे समजून घेण्यात मला सगळ्यात जास्त रस आहे. अँड्रॉइडमध्ये बोट टेकताच हा टॅप की स्वाइप हे ठरत नाही. बोट साधारण 8 डीपी (डीपी हे स्क्रीनवरचं अंतर मोजायचं अँड्रॉइडचं एकक), म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, सरकेपर्यंत सिस्टिम थांबते. आता आडवी उलटणारी पानं आणि प्रत्येक पानात उभी सरकणारी यादी असं ॲप घ्या. यादीचा उंबरठा, म्हणजे स्वाइप मानायला लागणारं हे अंतर, 8 डीपी, पानाचा बहुधा 16. टॅबलेट हातात धरून अंगठ्याने ओढलं की अंगठा मुळाशी फिरतो, रेघ कमानदार जाते. समजा, तो आडवा 12 गेला आणि उभा 9. आडवा जास्त गेला, तरी उंबरठा आधी यादीने ओलांडला! यादी लगेच तिला सामावणाऱ्या, पानं उलटणाऱ्या घटकाला ‘आता मध्ये पडू नकोस’ असं कळवते आणि बोट उचलेपर्यंत पान हलत नाही. दोष प्रोग्रामरचा, आडव्या-उभ्या अंतरांची तुलना करूनच हक्क द्यायला हवा. तोवर तर्जनीने, सरळ आडवं ओढा. तेही कडेपासून नको. अँड्रॉइड 10 पासून जेश्चर नेव्हिगेशन (बटणांऐवजी बोट ओढून मागे-पुढे जाणं) चालू असेल तर दोन्ही कडांवरचा स्वाइप ‘मागे जा’ म्हणून सिस्टिमच घेते.

दोष काचेचा की ॲपचा, हे डोळ्यांनी पाहता येतं. सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (प्रोग्रामरसाठीचे पर्याय) ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा, बोटामागे रेघ उमटेल. रेघ तुटली किंवा भलतीकडे उडाली तर काच, संरक्षक काच किंवा चार्जर तपासा. रेघ अखंड असून पान हललं नाही, तर त्या रेघेचा स्क्रीनशॉट काढून ॲप बनवणाऱ्यांना पाठवा.