बी.एड. झालंय, स्पीच थेरपीला जाता येईल का?

इंग्रजीचे शिक्षक हा प्रश्न सारखा विचारतात. वर्गात एखादं लेकरू शब्दावर अडतं आणि वाटतं, हे आपणच शिकून घ्यावं. पण बी.एड.वरून थेट स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. त्यासाठी बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी) ही 4 वर्षांची पदवी लागते, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. महाराष्ट्रात प्रवेश नीटवर, राज्याच्या सीईटी सेलमार्फत. म्हणजे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच. आर्ट्सवाल्यांनी कुठेही पैसे भरण्याआधी हे पक्कं लक्षात घ्या. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर थेरपी देऊ नका. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे.

ऑनलाइन अर्ज सोपा आहे. गाडी अडते ती कागदांवर. राखीव जागेसाठी लागणारं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढल्याची तारीख बघू नका, मुदत बघा: 2025-26 च्या प्रवेशाला ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध लागत होतं. जात वैधता प्रमाणपत्राचं दुखणं याहून मोठं. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. आपल्याकडे मराठवाड्यात निजामाच्या काळात शाळा उर्दूत चालायच्या. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरच्या (प्रवेश आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीच्या) पिवळ्या पानावर आजोबांचं नाव सापडतं, पण उर्दूत. नुसती झेरॉक्स जोडली की त्रुटी निघते आणि महिने जातात. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत आणि सोबत मराठी भाषांतर द्या. हे काम अकरावीतच सुरू करा, नीटच्या निकालाची वाट बघू नका. निजामाचे कागद शासनाला ठाऊक आहेत. तरी दर वेळी पोरांनीच खेटे का घालायचे?

ज्यांना इंग्रजीच शिकवायचं आहे त्यांनीही थेरपीच्या विद्यार्थ्यांसोबत सराव जरूर करावा. बी.एड.ची इंटर्नशिप 20 आठवड्यांची असते. त्यातले काही दिवस दोघांना एकाच शाळेत मिळावेत म्हणून बी.एड. आणि थेरपी अशा दोन्ही कॉलेजांच्या प्राचार्यांना लेखी विनंती करा. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलणारी मुलगी ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणते, तो दोष नाही, घरच्या भाषेचा ठसा आहे. तीच मुलगी गोरमाटीतही अडखळत असेल तर मात्र तपासणी हवी. हा फरक शिक्षकाला थेरपिस्टकडून कळतो, आणि मूल वर्गात कसं बोलतं ते थेरपिस्टला शिक्षकाकडून.

अशा एकत्र सरावासाठी मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र लागतं. संमतीपत्र मराठीत छापा आणि आईबापांना वाचून दाखवा. न वाचताच इंग्रजी फॉर्मवर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.