उंडेलोची माती उपाशीच बरी

जर्मनीत हॅम्बुर्गच्या दक्षिणेला उंडेलो नावाचं छोटंसं गाव आहे, आणि गावाबाहेर जंगल संपलं की एकदम उघडं माळरान लागतं, ल्युनेबुर्ग हीथ या मोठ्या झुडपी माळरानाचा भाग. ऑगस्टच्या शेवटी हे सगळं जांभळं होतं. कॅलूना नावाचं गुडघ्याएवढं झुडूप, पानं इतकी बारीक की काडीला खवले चिकटल्यासारखे वाटतात.

बघणाऱ्याला वाटतं हे मूळचंच असं असणार, पण तसं नाहीये. इथं आधी जंगल होतं, हजारो वर्षं माणसाने ते तोडलं, जनावरं चारली आणि वाळूची माती पार निकस झाली. पूर्वीचे शेतकरी तर झुडपाचा वरचा थर मुळांसकट कापून मेंढवाड्यात अंथरायचे, मेंढ्यांच्या लेंड्या-मुतात भिजला की तेच लेंडीखत राय नावाच्या धान्याच्या शेतात टाकायचे. म्हणजे शेत पोसलं जायचं आणि माळरान उपाशी राहायचं.

इथं हातभर खड्डा खणला की हे डोळ्यांनी दिसतं. वर काळपट थर, खाली राखेसारखी पांढुरकी वाळू, आणि त्याखाली गंजाच्या रंगाचा कडक थर, कारण पावसाचं आम्लधर्मी पाणी लोह वगैरे खाली वाहून नेतं आणि तिथं ते साचतं. या मातीला पॉडझॉल म्हणतात. अशा मातीत कॅलूना तगते कारण तिच्या मुळांत एक बुरशी राहते, ती कुजलेल्या पाल्यातून नायट्रोजन काढून झाडाला देते आणि बदल्यात साखर घेते, मला तर ही भागीदारी फार आवडते.

१९०६ मध्ये एगेस्टॉर्फचे पाद्री विल्हेल्म बोडे यांनी जवळचं टोटेनग्रुंड खोरं वाचवायला पुढाकार घेतला, १९२१ मध्ये इथं संरक्षित क्षेत्र झालं. पण नुसतं कुंपण घालून भागत नाही! चराई थांबली की बर्च आणि पाइनची रोपं घुसतात. म्हणून हाइडश्नुके जातीच्या शिंगवाल्या करड्या मेंढ्या अजून फिरवतात, त्यांची कोकरं जन्मतात काळीकुट्ट. आता तर शेतीतला अमोनिया आणि गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून पडतो, माती नको तेवढी सकस होते आणि गवत माजतं, मग मशीनने वरचा थर खरवडून काढावा लागतो. उघड्या वाळूवर ऊन पडलं की मातीत कित्येक वर्षं पडून असलेलं कॅलूनाचं बी रुजायला लागतं.