पांढरीची माती

गावाकडच्या घराची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली. माणसं घरात नव्हती म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण दीड हात जाडीची, माझ्या आजोबांच्या वडलांनी घातलेली भिंत एका रात्रीत ढिगारा होऊन अंगणात पडली होती. मी पोहोचले तेव्हा गावातले एक म्हातारे गवंडीबाबा त्या ढिगाऱ्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी चिमूटभर माती उचलली, बोटांवर चोळली, थोडी जिभेवर ठेवून थुंकली आणि म्हणाले, "ताई, हाई पांढरी से. हाई फाटत नही."

त्यांच्या या दोन वाक्यांत जेवढं विज्ञान आहे, ते समजून घ्यायला मला पुढे बरेच महिने लागले.

खानदेशात गिरणेच्या, पांझरेच्या किंवा तापीच्या काठाने जाताना दोन रंग दिसतात. शेतं काळी आणि गावाखालची जमीन पांढुरकी, राखाडी. आपल्या जुन्या कागदपत्रांत हे दोन रंगच गावाची व्याख्या करतात: काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. 'समाकुल पांढरी' म्हटलं की सगळा गाव आला. वतनाचे तंटे या समस्त पांढरीच्या साक्षीने मिटत. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जी दप्तरं गोळा केली, तसल्या कागदांत हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. पण पांढरी पांढरी का असते, हे कागद सांगत नाहीत. ते मातीलाच विचारावं लागतं.

मातीचं घर एक-दोन पिढ्या टिकतं. पडलं की लोक ती माती सपाट करतात आणि तिच्यावरच नवं घर बांधतात. चुलीची राख परसात पडते, जनावरांचं शेणमूत मुरतं, हाडं, टरफलं, फुटकी मडकी, सारवणं, पोतारे सगळं तिथेच जिरतं. लाकूड जळून उरणाऱ्या राखेत कॅल्शियमचे क्षार भरपूर असतात. अशी शतकं गेली की मूळ काळ्या जमिनीवर हलक्या रंगाचा उंचवटा तयार होतो. आपण त्याला पांढरीचं टेकाड म्हणतो. पुरातत्त्वज्ञ गाव शोधत फिरतात तेव्हा आधी असं टेकाड शोधतात, कारण माणसं राहून गेल्याशिवाय जमीन अशी होत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातलं प्रकाशे आपल्याला दक्षिण काशी म्हणून ठाऊक आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या तिथल्या टेकाडात बी. के. थापर यांनी 1954-55 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंत एकावर एक रचलेल्या वस्तीचे चार कालखंड त्यांना सापडले. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ आहे. तिथे एम. एन. देशपांडे यांनी 1952-53 मध्ये आणि पुन्हा 1956-57 मध्ये खोदलं. नदीपलीकडच्या टेकवाड्याला त्याच लोकांच्या काळातली दफनं मिळाली. तापीकाठच्या सावळद्याचं तर एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं आहे. इसवी सनापूर्वी 2000 च्या आसपासच्या या सावळदा संस्कृतीचा थर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या दायमाबादलाही सगळ्यात खाली आहे. धुळे जिल्ह्यातल्या कवठ्याला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना याच लोकांची जमिनीत खड्डा घेऊन केलेली घरं दिसली. अजिंठा आपल्या दाराशी आहे, म्हणून जुनं ते दगडातच असतं असं आपल्याला वाटत आलं. या लोकांनी दगडात काही कोरलं नाही. त्यांचं सगळं मातीत आहे.

ही माती वाचतात कशी, ते मी एकदा जवळून पाहिलं. पुराने कापलेली गिरणेची दरड होती. एका अभ्यासकाने करणीने तिचा हातभर भाग हलकेच तासून सरळ केला आणि त्यावर पाण्याचा फवारा मारला. ओल्या मातीत रंग उठून आले. खाली काळी, मग तपकिरी, मग राखेचा एक राखाडी पट्टा, त्यावर भाजून लालसर झालेला चुलीचा तळ. आणि त्याच्या शेजारी अगदी बारीक, वहीच्या पानांसारख्या एकावर एक आडव्या रेघा. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "जमीन सारवलेली आहे. प्रत्येक रेघ एक सारवण."

मला माझी आजी आठवली. सणावाराला पदर खोचून, हाताच्या अर्धगोलांनी माजघर सारवणारी. तिचं ते काम दुपारी वाळून गेलं की दिसेनासं होई, असं मला वाटायचं.

ते जात नाही. मातीचा असा न हलवलेला तुकडा प्रयोगशाळेत नेऊन राळेत घट्ट करतात आणि त्याचा एक मिलिमीटरच्या साधारण तेहतिसाव्या भागाइतका पातळ काप काढतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सारवणाचा एकेक थर, त्यातले शेणाचे तंतू, दोन सारवणांमध्ये पायाखाली तुडवली गेलेली धूळ, सगळं वेगळं दिसतं. तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक या नवाश्मयुगीन वस्तीत एकेका भिंतीवर गिलाव्याचे शेकडो पातळ थर याच रीतीने मोजले गेले. मातीतल्या फॉस्फेटचं प्रमाण मोजलं तर गोठा कुठे होता आणि माणसं कुठे झोपत होती याचा अंदाज येतो, कारण शेणामुतातलं फॉस्फरस मातीला धरून राहतं, हजारो वर्षं सहज धुऊन जात नाही. आणि जळके दाणे काढायची रीत तर इतकी साधी आहे की घरी करून बघावी: माती पाण्यात ढवळायची, कोळसा झालेलं धान्य हलकं म्हणून वर तरंगतं, ते बारीक चाळणीत धरायचं. तेवढ्यावरून त्या घरात काय शिजत होतं ते कळतं.

आता गवंडीबाबांचं 'फाटत नही'. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते. तिच्या कणांची रचना पत्त्यांच्या जोडासारखी असते. पाणी दोन पत्त्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी उडून जातं आणि शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात. कपाशीला ती मानवते, पण तिची भिंत घातली तर वाळताना फाटते. पांढरीत ही फुगणारी चिकण कमी असते, गाळ आणि राख जास्त. शिवाय राखेतलं कॅल्शियम चिकणीचे कण एकमेकांना बांधून त्यांचे बारीक गठ्ठे करतं, त्यामुळे फुगणंही घटतं. म्हणून खानदेशातल्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पांढरीच पडली. खांब, तुळया, त्यांवर आडव्या कड्या, वर बांबूच्या काड्या किंवा फळ्या, त्यावर पाला आणि मग वीतभर किंवा त्याहून जाड पांढरी माती, चोपून, पन्हाळीकडे हलका उतार देऊन. आपल्याकडे पाऊस बेताचा, म्हणून हे सपाट छप्पर चालतं. पश्चिमेला नवापूरच्या डोंगरी पट्ट्यात पाऊस वाढतो, तिथे छपरं उतरती होतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा या घरात शिरून पाहावं. जाड मातीची भिंत दुपारचं ऊन लगेच आत सोडत नाही. ती उष्णता साठवत राहते. दीड हात भिंतीतून उष्णतेची लाट आतल्या अंगाला पोहोचायला कितीतरी तास लागतात, आणि तोवर बाहेर रात्र झालेली असते. माणसं तेव्हा धाब्यावर झोपायला गेलेली असत. काँक्रीटचा स्लॅब पातळ असतो आणि उष्णता भराभर वाहून नेतो. संध्याकाळी पंख्याखाली बसूनही डोक्यावर तवा ठेवल्यासारखं का होतं, याचं कारण हेच.

आमची भिंत पडली तीही पावसाने नव्हे. आठ-दहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने आम्ही तिला खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा केला होता. दिसायला स्वच्छ, म्हणून सगळे खूश. पांढरीत क्षार असतात. एके काळी देशात अशाच गावठाणांच्या मातीतून शोरा काढत. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, पृष्ठभागावर येऊन उडून जाते, आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. भिंतीला लोणा लागतो तो हा. मातीचा गिलावा असला की तो लोणा गिलाव्यातच फुलतो. दरवर्षी खरवडायचा, नवा हात मारायचा, भिंत शाबूत. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती सिमेंटच्या वर चढते आणि तिथे भिंतीचं पोट खाते, तर आतली माती ओलीच राहून मऊ होते. आमची भिंत बरोबर सिमेंट संपतं त्या रेषेवर मोडली होती. जुन्या वास्तूंवर काम करणारे वास्तुतज्ज्ञ कळवळून सांगतात की जुन्या बांधकामाला त्याच्यापेक्षा टणक गिलावा लावू नका. माती असेल तर माती, चुना असेल तर चुना. याचा अर्थ मला त्या रेषेपाशी कळला.

इथवर सगळं सरळ होतं. मी उत्साहाने त्या अभ्यासकाला फोन केला. म्हटलं, आता गावाबाहेरच्या टेकाडावरून दोन ट्रॉल्या पांढरी आणते आणि भिंत पुन्हा मातीचीच घालते. तो बराच वेळ गप्प राहिला.

मग बोलला ते मी आजही विसरलेले नाही. खानदेशातली जुनी टेकाडं धरणाखाली गेली, नांगराखाली गेली, पण सगळ्यात जास्त ती ट्रॉल्यांतून गेली, असं त्याचं म्हणणं. या मातीत नत्र, स्फुरद, पालाश आहे, म्हणून शेतात टाकायला लोक ती नेतात. धाब्यावर घालायला पूर्वीपासूनच नेत. पूर्वी पाटीने न्यायचे, आता जेसीबीने नेतात, एवढाच फरक. पण पाटीने जे शंभर वर्षांत जायचं ते आता दोन दिवसांत जातं. देशमुखांच्या, पाटलांच्या गढ्यांचे बुरूजही असेच खालून पोखरले गेले. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. पण पांढरीची बहुतेक टेकाडं कोणत्याच यादीत नाहीत. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शके 1128 चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला, असं तो शिलालेख सांगतो. दगडावर अक्षर आहे म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. आजीच्या सारवणावर अक्षर नाही.

मग भिंत कशाची घालायची? उत्तर अंगणातच पडलं होतं. मातीच्या भिंतीचं मोठं वैशिष्ट्य हे की ती पडली तरी तिची माती मरत नाही. भाजलेली वीट पुन्हा माती होत नाही, सिमेंट पुन्हा सिमेंट होत नाही, पण न भाजलेल्या मातीत पाणी घातलं की चिकणीचे कण पुन्हा मोकळे होतात आणि वाळताना पुन्हा धरतात. म्हणून मातीच्या वास्तूंचं जतन करणारे पहिला नियम सांगतात: पडलेलीच माती वापरा, आणि तूट भरून काढायला टेकाड नव्हे, नाल्याचा गाळ आणि मुरूम घ्या.

कुठली माती किती घ्यायची हे ठरवायला आम्ही काचेची बरणी वापरली. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाला काही तास लागतात, चिकण दुसऱ्या दिवशी सगळ्यांत वर पातळ थर धरते. आमच्या भिंतीच्या मातीची बरणी आणि शेजारी नाल्याच्या गाळाची बरणी. गाळात चिकण जास्त निघाली, म्हणून तिच्यात मुरूम वाढवला आणि पाच-सहा टक्के विझवलेला चुना. राखेने शतकानुशतकं जे केलं, ते चुना काही आठवड्यांत बऱ्याच अंशी करतो. नमुन्याच्या विटा पाडून सावलीत वाळवल्या. पहिल्या खेपेला भेगा पडल्या, दुसऱ्या खेपेला गव्हाचा भुसा वाढवला तेव्हा थांबल्या. गवंडीबाबांना बरणी बघायची गरज वाटली नाही. त्यांनी ओल्या मातीचा लाडू करून कमरेच्या उंचीवरून टाकला, तो फुटला नाही पण चपटा झाला, आणि त्यांनी मान हलवली. दोघांचा निकाल एकच आला.

गारा तुडवायला सुरुवात झाली तेव्हा एका बाईच्या पायाला काहीतरी टोचलं. तिने चिखलातून खापराचा तुकडा काढला. हाताच्या पंजाएवढा, लाल, घोटून गुळगुळीत केलेला, आणि त्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघांची जाळी. मी फोटो पाठवला. अभ्यासकाचा लगेच फोन आला. ताम्रपाषाण काळातलं वाटतं, तीन हजार वर्षांहून जुनं. पणजोबांनी टेकाडावरून भिंतीसाठी माती आणली तेव्हा तिच्याबरोबर आलं असणार. कोणत्या थरातलं, कोणत्या घरातलं, त्याच्याजवळ आणखी काय होतं, ते आता कधीच कळायचं नाही.

तरीही त्याने तो तुकडा धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून चिठ्ठी लावायला सांगितलं. चिठ्ठीवर गावाचं नाव आणि तारीख लिहिली. मग 'सापडल्याचं ठिकाण' आलं तेव्हा मी थांबले, आणि जेवढं खरं होतं तेवढं लिहिलं: माजघराची मागची भिंत.