चित्र हवं की नुसता बदल? मेंदूच्या धर्तीवरच्या सेन्सरची पार्श्वभूमी

इंदूरच्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स चालताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना पूर्ण चित्राऐवजी नुसता बदल टिपणाऱ्या या सेन्सरमागची मूळ कल्पना नवी वाटणार नाही. तूरडाळ उतारावरून घसरत कॅमेऱ्यासमोर पडते आणि डागी दाणा आला की हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो. जुन्या यंत्रांत दाण्यांच्या मागची पट्टी मुद्दाम चांगल्या डाळीइतकीच उजळ ठेवत. त्यामुळे चांगला दाणा यंत्राला जवळजवळ दिसायचाच नाही आणि सिग्नल हलायचा तो फक्त डागी दाण्याला.

डोळ्याचा पडदाही असाच कंजूष आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींवर, पण मेंदूकडे जाणारे तंतू सुमारे १० लाख. म्हणजे बरीचशी छाननी डोळ्यातच उरकते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ही रचना सिलिकॉनवर उतरवली गेली. पुढची बरीच वर्षं मात्र हे प्रकरण प्रयोगशाळेबाहेर फारसं पडलं नाही.

खरी हालचाल २००८ पासूनची. त्या वर्षी झुरिचच्या गटाने १२८ × १२८ पिक्सेलची चिप मांडली. तिच्यात फ्रेम, म्हणजे ठरावीक वेळाने टिपलेलं पूर्ण चित्र, हा प्रकारच नव्हता. ज्या पिक्सेलवरचा उजेड ठरावीक प्रमाणात बदलेल तोच बोलणार, तेही अवघ्या १५ मायक्रोसेकंदांत. भर उन्हातली आणि सावलीतली हालचाल तिला एकाच वेळी पकडता येई.

पण वस्तू थांबली की ती चिपच्या दृष्टीने संपली! वाद पेटला तो इथे. आपला डोळा सतत बारीक थरथरतो, म्हणून समोरची भिंत आपल्याला दिसत राहते. चिपमध्ये डोळ्याची छाननी आली, थरथर राहून गेली. २०११ मध्ये प्रत्येक पिक्सेलला बदलाबरोबर उजेडही मोजायला लावणारी रचना आली, तर २०१४ मध्ये त्याच पिक्सेलमधून इव्हेंट (बदलाची नोंद) आणि साधी फ्रेम दोन्ही देणारी. सेन्सरने नुसता बदलच टिपावा म्हणणाऱ्या कट्टर मंडळींना ही माघार वाटली. वापरणाऱ्यांना चित्र हवं होतं, कारण त्यांच्याकडचे सगळे प्रोग्रॅम चित्रावर चालणारे. मला विचाराल तर कट्टरांचंच बरोबर होतं: फ्रेम परत आणली की डेटाचं ओझंही मागोमाग येतं. २०१९ मध्ये नुसत्या इव्हेंटवरून न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने, चांगला व्हिडिओ उभा करून दाखवला आणि फ्रेमवाल्यांच्या युक्तिवादातली बरीच हवा गेली. अर्थात हे कट्टर सेन्सर ट्यूबलाइटखाली आजही बेजार होतात. साध्या चोकवर ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. आपल्याला ते जाणवत नाही, पण हा सेन्सर प्रत्येक लुकलुक नोंदवू शकतो.

२०२० पर्यंत पिक्सेलचा आकार ४० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाचच्या आत आला आणि १२८० × ७२० ची चिप निघाली. २०२३ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी असाच सेन्सर सूक्ष्मदर्शकाला जोडून ५० नॅनोमीटरहून लहान गोष्टींचा ठावठिकाणा लावला.

आता ओढा पिक्सेललाच विचार करायला लावण्याकडे आहे. २०२० मध्येच व्हिएन्नात टंगस्टन डायसेलेनाइड या अर्धवाहक पदार्थाच्या २७ प्रकाशडायोडांनी बाहेरच्या प्रोसेसरशिवाय तीन अक्षरं ओळखली, सुमारे ५० नॅनोसेकंदांत. तिथे प्रत्येक डायोडची संवेदनशीलता हेच नेटवर्कचं वजन, म्हणजे त्या डायोडच्या सिग्नलला किती महत्त्व द्यायचं ते. ते टिकवायला मात्र बाहेरून व्होल्टेज द्यावं लागे. म्हणूनच पडलेल्या उजेडाची आठवण स्वतःच धरून ठेवणाऱ्या पदार्थांवर, उदाहरणार्थ मॉलिब्डेनम ऑक्साइडवर, सध्या इतका जोर आहे.