पंखाचे आयुष्य ठरते भोकाच्या कडेवर

घरी बांधल्या जाणाऱ्या धातूच्या विमानाच्या पंखात संख्येने सर्वांत जास्त असलेली गोष्ट म्हणजे भोके. धडापासून टोकापर्यंत जाणारी तुळई म्हणजे स्पार, तिला आडव्या बसवलेल्या फासळ्या म्हणजे रिब आणि त्यांच्यावरचा अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा हे सारे हजारो रिव्हेटनी, म्हणजे टोक चेपून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळ्यांनी, एकत्र धरलेले असते आणि प्रत्येक रिव्हेटसाठी एक भोक लागते. पत्रा किती जाड हवा आणि रिव्हेट किती अंतरावर हवेत, हे आराखडा करणाऱ्या अभियंत्याने आधीच ठरवलेले असते. भोकाची कड कशी राहील हे मात्र बांधणाऱ्याच्या हातात असते, आणि माझ्या मते पंख किती वर्षे टिकेल याचा निर्णय बऱ्याच अंशी तिथेच होतो.

याचे कारण 1898 साली जर्मन अभियंता किर्श यांनी गणिताने दाखवून दिले होते. एखाद्या रुंद पत्र्यात लहान गोल भोक असेल आणि तो पत्रा दोन्ही बाजूंनी ओढला, तर भोकाच्या कडेवरचा ताण उरलेल्या पत्र्यातील ताणाच्या तिप्पट होतो, मग भोक लहान असो वा मोठे. त्या कडेवर एखादी बारीक खाच असली, तर त्या तिपटीवर आणखी पटी चढतात. उड्डाणात पंख वर वाकतो, त्यामुळे त्याच्या खालच्या बाजूला ताण आणि वरच्या बाजूला दाब पडतो. विमान जमिनीवर उतरले की हा भार उलटतो. असे चक्र विमानाच्या आयुष्यात असंख्य वेळा फिरते. पोलादाच्या बाबतीत ठरावीक मर्यादेखालचा भार कितीही वेळा दिला तरी सहसा तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, आणि म्हणून धातूचा थकवा, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून हळूहळू तडा जाणे, हा ॲल्युमिनियमच्या पंखाचा कायमचा प्रश्न आहे.

तरीही हाच धातू निवडला जातो, कारण वजनाच्या मानाने त्याची ताकद मोठी आहे. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू तापवून पाण्यात बुडवला, की तो लगेच कडक होत नाही, पण नंतर नुसता ठेवला असताना काही दिवसांत आपोआप कठीण होत जातो, हे आल्फ्रेट व्हिल्म यांना 1906 साली जर्मनीत आढळले. आज 2024-टी3 या नावाने मिळणारा पत्रा त्याच घराण्यातला आहे. तांब्यामुळे तो लवकर क्षरतो, म्हणून पातळ पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर चढवतात आणि हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या जेमतेम पाच टक्के असतो. सुईने किंवा टोच्याने आखणी केली तर तो थर कापला जातो आणि शिवाय तड्याला सुरुवातही मिळते. शिसपेन्सिलही चालत नाही, कारण तिच्यातील ग्राफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियमचे क्षरण घडवते. आखणी मार्करनेच करावी लागते.

ड्रिल पत्र्यातून बाहेर पडताना कडेवर धातूची धारदार किनार उरते, तिला कारखान्यात बर म्हणतात. प्रत्येक भोकाची बर दोन्ही बाजूंनी काढायची असते, पण हात जड ठेवला तर कडच खोल जाते. पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असताना हे क्षणात घडते. त्यानंतर पंखाचा बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत राखण्यासाठी भोकाभोवतीचा पत्रा साच्यात दाबून वाटीसारखा खोलगट करतात, म्हणजे रिव्हेटचे 100 अंशांचे निमुळते डोके पृष्ठभागाशी सपाट बसते. या कामाला डिंपल करणे म्हणतात. या वेळी भोकाची कड सर्व बाजूंनी ताणली जाते, आणि बर किंवा खाच राहिली असेल तर नेमका तिथूनच तडा फुटतो.

हे किती खरे आहे, याचा अनुभव 2023 मध्ये घरगुती विमानांच्या साऱ्या जगाने घेतला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आहे. तिच्या आरव्ही मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी स्वतः बांधून उडवली आहेत. तिने काही काळ सुट्या भागांतील भोके लेझरने कापून घेतली. लेझरच्या मार्गामुळे काही भोकांच्या कडेवर सूक्ष्म खाचा राहिल्या आणि बांधणाऱ्यांनी डिंपल करताच तिथे तडे दिसू लागले. चाचण्यांनंतर कंपनीने बहुतेक भाग वापरण्यायोग्य ठरवले, पण बदलून देण्याच्या भागांचा बोजा इतर आर्थिक अडचणींत मिसळला आणि डिसेंबर 2023 मध्ये तिला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण घ्यावे लागले. भारतात घरी विमान बांधणारे विरळच. मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधून 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडणारे कॅप्टन अमोल यादव हे त्यांतील सर्वांना ठाऊक असलेले नाव.

रिव्हेट मारायला सहसा दोन माणसे लागतात. एक जण हवेवर चालणारी गन रिव्हेटच्या डोक्यावर धरतो, दुसरा आतल्या बाजूने जड लोखंडी ठोकळा टेकवतो, आणि रिव्हेटच्या दांड्याचे टोक चेपून दुसरे डोके तयार होते. ते दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे, असा दंडक आहे. किंचित वाकडा बसलेला रिव्हेट पाहून नवख्याला तो काढून टाकण्याचा मोह होतो, पण अनुभवी कारागीर पुष्कळदा तो तसाच ठेवतात, कारण रिव्हेट ड्रिलने काढताना भोक मोठे किंवा लांबट होण्याचा धोका अधिक असतो. भोक मोठे झालेच, तर पुढच्या मापाचा रिव्हेट वापरतात, आणि मग भोकाचे पत्र्याच्या काठापासूनचे अंतर पुन्हा मोजावे लागते: ते रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट हवे. 2.4 मिलिमीटरच्या रिव्हेटला 4.8 मिलिमीटर पुरत होते, 3.2 च्या रिव्हेटला 6.4 लागतात. रिबच्या अरुंद पट्टीवर तेवढी जागा पुष्कळदा नसते. मग आराखडा करणाऱ्याला विचारून दुरुस्ती ठरवावी लागते किंवा ती रिबच नव्याने करावी लागते.