नवा वेस्टगेट अ‍ॅक्च्युएटर: रॉड दाबाचा गेज लावूनच सेट करा

(बोलेरो आणि जुनी थार यांसारख्या गाड्यांच्या ग्राहकांसाठी)

पाकिटातून काढला, दोन बोल्ट आवळले, रॉड पिनमध्ये अडकवला आणि गाडी रस्त्यावर काढली, असं टर्बोचा दाब आवरणाऱ्या या भागाचं चालत नाही. कॅनिस्टर (रॉड हलवणारा डबा) नवा असला तरी तुमच्या टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या यंत्राचा, फ्लॅप (हाच वेस्टगेट), लिव्हर आणि बुश जुनेच असतात. त्यामुळे रॉडची लांबी प्रत्येक गाडीवर नव्याने जुळवावी लागते. जुन्या रॉडचं माप घेऊन नवा तेवढाच ठेवणं, किंवा टर्बोची शिट्टी ऐकून अंदाज बांधणं, या दोन्ही पद्धती आम्हाला मान्य नाहीत.

काम समजायला सोपं आहे. कॅनिस्टरमध्ये रबरी डायफ्रॅम (पडदा) आणि स्प्रिंग असते. टर्बोच्या कॉम्प्रेसरकडची दाबलेली हवा बारीक होसमधून आत येते. तिचा दाब स्प्रिंगला भारी पडला की रॉड बाहेर सरकतो, फ्लॅप उघडतो आणि काही एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सायलेन्सरकडे निघून जातो. रॉड आखूड केला तर फ्लॅप उशिरा उघडतो आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढतो. लांब केला तर उलट.

आधी खात्री करा की दोष अ‍ॅक्च्युएटरचाच आहे. गाडी ओढत नाही म्हणून आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनपर्यंतचे होस आणि त्यांच्या क्लिपा बघायला सांगतो. मग इंजिन पूर्ण थंड असताना रॉड सोडवून लिव्हर हाताने हलवा. तो अडकत असेल, तर नवा अ‍ॅक्च्युएटर लावून पैसे वाया जातील.

आता जुळवणी. कॅनिस्टर ब्रॅकेटवर घट्ट बसवा. लिव्हर बंद बाजूला दाबून धरा, म्हणजे फ्लॅप सीटवर टेकतो. रॉडच्या टोकाचं भोक पिनवर कुठलाही ताण न देता बसेल इतकी लांबी करा. हे शून्य झालं. इथून टोक थोडं आत फिरवा, म्हणजे ते पिनवर चढवताना रॉड किंचित ओढावा लागेल. या ताणामुळेच फ्लॅप बंद राहतो. सहा मिलिमीटरच्या साध्या आट्यांवर एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून अर्ध्या फेऱ्याने पुढे जा. टोक किंवा चेकनट (टोक जागी पक्कं करणारा नट) फिरवताना रॉड पकडीने धरून ठेवा. रॉड पिळला गेला तर आतला डायफ्रॅम फाटतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

मग गेज असलेल्या हातपंपाने कॅनिस्टरमध्ये हळूहळू हवा भरा. पाकिटातल्या चिठ्ठीवर छापलेल्या दाबाला रॉड हलू लागला पाहिजे. लवकर हलला तर आखूड करा, उशिरा हलला तर लांब. दाब धरून ठेवा; काटा खाली येत असेल तर डायफ्रॅम किंवा होस गळतोय. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट कधीही लावू नका, तो दाब डायफ्रॅमला झेपत नाही. शेवटी पिनवर नवी क्लिप घाला, चेकनट आवळा आणि त्यावर रंगाची खूण करा.

कॅनिस्टरच्या बारीक होसकडे विशेष लक्ष द्या. तो निसटला किंवा चिरला तर कॅनिस्टरला दाबच मिळत नाही, फ्लॅप उघडत नाही आणि बूस्टला आवर राहत नाही.

रस्त्यावरची चाचणी होसमध्ये टी-जॉइंट (तीन तोंडांची जोडणी) लावून, गेज केबिनमध्ये आणून, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये घ्या. गेज बघायला शेजारी दुसरा माणूस हवाच. काटा इंजिनच्या ठरलेल्या आकड्यापुढे गेला की लगेच पाय काढा. सीआरडीई (संगणकावर चालणाऱ्या कॉमन-रेल डिझेल इंजिनाच्या) गाडीत बूस्ट जास्त झाला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, स्वतःच ताकद कमी करतो. डीआय (जुन्या, संगणक नसलेल्या डिझेल इंजिनाच्या) गाडीत तसा रक्षक नाही, तिथे गेज हाच आधार.

लडाखला जाण्याआधी ‘जरा बूस्ट वाढवून द्या’ अशी मागणी होते. आम्ही नाही म्हणतो, आणि त्याचं कारण सांगतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १ बार असतो, तर लेहच्या साधारण ३,५०० मीटर उंचीवर तो ०.६५ बारच्या आसपास येतो. आपला गेज बाहेरच्या हवेपेक्षा वरचा दाब दाखवतो. ०.८ बार बूस्टसाठी मुंबईत टर्बो हवा १.८ पट दाबतो; लेहमध्ये तोच आकडा गाठायला सव्वादोन पट दाबावी लागते. म्हणजे रॉडला हात न लावताही टर्बोचा शाफ्ट तिथे जास्त वेगाने फिरत असतो, आणि हा वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्या घरातला आहे. त्यावर आणखी भार टाकून गाडी खारदुंग खिंडीच्या वाटेवर नेऊ नये.

तुमच्या गाडीत व्हीजीटी टर्बो असेल तर वरचं काहीही करू नका. त्यात आतल्या पात्या हलतात आणि त्यांची जुळवणी बेंचवर होते.

हातपंप आणि गेज आमच्या दुकानात वापरायला मिळतो. येताना गाडी थंड होऊ द्या आणि पाकिटातली चिठ्ठी सोबत आणा.